म्हशीच्या दुधाची स्क्रिप्ट सगळ्या पानांवर कशाला?

प्रश्न : आमच्या दूध संकलन केंद्रासाठी मी जँगोमध्ये नोंदींची प्रणाली केली आहे. अ‍ॅडमिनच्या फॉर्मवर दूध गायीचं की म्हशीचं ते निवडलं, की फॅट आणि एसएनएफप्रमाणे दर दाखवणारी जावास्क्रिप्ट फाइल जोडली आहे. पण ती यादीच्या पानावरही उतरते आणि कन्सोलमध्ये तांबडी ओळ येते. शिवाय दर बदलण्याची स्क्रिप्ट फक्त सचिवांच्याच पानावर यावी असं वाटतं. गरज असेल तिथेच स्क्रिप्ट उतरवता येते का?
— एक वाचक, बेलापूर (ता. श्रीरामपूर)

उत्तर : येते, आणि त्यासाठी जँगोशी झगडावं लागत नाही. आधी त्या तांबड्या ओळीचं बघू. ती बहुधा ‘कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ नल’ अशी असेल. तुमची स्क्रिप्ट पान उघडताच दूधप्रकाराची चौकट शोधते. यादीच्या पानावर ती चौकट नसते, म्हणून हाती ‘नल’ येतं आणि स्क्रिप्ट तिथेच थांबते. फाइल जड आहे ही खरी अडचण नाही. एकदा उतरलेली फाइल ब्राउझर जपून ठेवतो. अडचण ही, की तिचं काम नाही तिथे ती चालते.

फाइल तुम्ही मॉडेलअ‍ॅडमिनच्या आतल्या ‘मीडिया’ वर्गात लिहिली असणार. तिथे लिहिलेलं यादीच्या पानालाही लागतं आणि नोंद खोडताना खात्री विचारणाऱ्या पानालाही. फॉर्मच्या वर्गातही ‘मीडिया’ लिहिता येतो, आणि तो फक्त फॉर्म दिसतो तिथेच लागतो. नाव एकच, ठिकाणं दोन. बेलापूरकरांना हे नवं नाही: रेल्वेचं बेलापूरचं तिकीट काढलं की उतरायचं श्रीरामपुरात, आणि नवी मुंबईतलं बेलापूर आणखी वेगळंच. तुमची ओळ मॉडेलअ‍ॅडमिनमधून उचलून फॉर्मच्या वर्गात ठेवा. एवढ्यानेच यादीवरची तांबडी ओळ जाईल.

आता अटीचं. इथे एक प्रश्न स्वतःला विचारायचा: अट ठरवायला लागणारी माहिती पान सर्व्हरवरून निघण्याआधी हाती आहे का? पान कोण उघडतंय आणि नोंद नवी आहे की जुनी, हे सर्व्हरला आधीच माहीत असतं. अशा अटींसाठी मॉडेलअ‍ॅडमिनची ‘गेट फॉर्म’ ही मेथड आहे. तिला विनंती आणि नोंद दोन्ही मिळतात. नवी नोंद असेल तर नोंदीच्या जागी ‘नन’ येतं. फॉर्मचे दोन वर्ग करा. एक साधा, दुसरा त्याच्यावरूनच केलेला, पण ‘मीडिया’त दराची स्क्रिप्ट असलेला. विनंती करणारी व्यक्ती सचिवांच्या गटातली असेल तर दुसरा वर्ग ‘फॉर्म’ या नावाने पुढे पाठवा, नाहीतर पहिला. पानाची स्वतःची मीडिया आणि फॉर्मची मीडिया जँगो आपणच एकत्र करतो. स्क्रिप्ट अ‍ॅडमिनच्या जेक्वेरीवर अवलंबून असेल तर ‘जेक्वेरी इनिट’ फाइलही यादीत तिच्या आधी लिहा, म्हणजे क्रम चुकत नाही.

जँगो स्वतःही असंच वागत आला आहे. फॉर्मचा एखादा भाग मिटून ठेवण्याची सोय पूर्वी एका वेगळ्या स्क्रिप्टवर चालायची, आणि तसा भाग फॉर्मवर असेल तरच ती फाइल पानावर यायची. मला ही शिस्त फार आवडते. 2003 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी जँगो लिहायला घेतला आणि 2005 मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. दिवसभर घाईत मजकूर भरणाऱ्यांच्या शेजारी बसून घडलेली ही वस्तू आहे. तुमच्या केंद्रावर पहाटे किटल्यांची रांग लागलेली असताना रीडिंग भरणारा माणूसही त्याच घाईत असतो. त्याच्या पानावर नको ते चालू नये, ही तुमची तळमळ मला अगदी योग्य वाटते.

पण गाय की म्हैस, हे नव्या नोंदीच्या वेळी सर्व्हरला माहीतच नसतं; ते माणूस पान उघडल्यावर निवडतो. ही अट सर्व्हरवर सोडवायला जाऊ नका. फॉर्मवर एकच स्क्रिप्ट ठेवा, तिला निवडीच्या चौकटीचा ‘चेंज’ ऐकू द्या. चौकट नसेल तर तिने मुकाट परतावं, एवढी एक ओळ सुरुवातीला हवी. एका सभासदाच्या पानावर अनेक नोंदींच्या ओळी जोडत असाल, तर नव्याने आलेल्या ओळीसाठी ‘फॉर्मसेट ॲडेड’ ही घटना ऐका. जँगो 4.1 पासून ती साध्या जावास्क्रिप्टची घटना आहे. त्याआधी ती जेक्वेरीची होती, त्यामुळे जुनी उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत.

एक चूक मात्र करू नका, कारण ती मी केली आहे. मॉडेलअ‍ॅडमिनच्या ‘मीडिया’ला विनंती मिळत नाही, म्हणून मी विनंती ‘सेल्फ’वर ठेवून तिथून वाचत होतो. माझ्या यंत्रावर एकटाच असताना सगळं सुरळीत होतं. दोन माणसं एका वेळी काम करू लागली तेव्हा एकाच्या पानावर दुसऱ्याची स्क्रिप्ट येऊ लागली. मॉडेलअ‍ॅडमिनची वस्तू प्रत्येक विनंतीला नवी घडत नाही, एकच सगळ्यांना पुरते. कारण सापडेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

आणि सचिवांबद्दल. स्क्रिप्ट पानावर न येणं म्हणजे अधिकार नसणं नव्हे. दराची चौकट फॉर्मवर असेल तर स्क्रिप्टविनाही तीत आकडा लिहिता येतो. इतरांसाठी ती ‘गेट रीडओन्ली फील्ड्स’मधून केवळ वाचण्यापुरती ठेवा. फॅट-एसएनएफची तपासणीही फॉर्मच्या ‘क्लीन’मध्ये हवीच. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, म्हशीचा 6 आणि 9 धरून. गायीच्या नोंदीत 35 पडलं, दशांशचिन्ह राहिलं, तर नोंद सर्व्हरनेच अडवायला हवी. दहा दिवसांचा पगार त्याच आकड्यावरून निघतो.