स्वतःच्या नावाची गाडी

प्रश्न : रेसिंगचे काही ड्रायव्हर पुढे स्वतःची टीम काढतात म्हणे. गाडी पळवणं वेगळं आणि टीम चालवणं वेगळं. मग यांना जमतं कसं? आणि पैसा कुठून येतो?
– एक वाचक, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळ्यांना जमत नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्यांना जमलं त्यांच्यात न्यूझीलंडचा ब्रूस मॅकलारेन मला सगळ्यात शिकण्याजोगा वाटतो. जन्म १९३७, वडिलांचा ऑकलंडमध्ये पेट्रोल पंप आणि गॅरेज. लहानपणीच्या हाडाच्या आजाराने डावा पाय आखूड राहिला होता. तरी १९५९च्या डिसेंबरात, वयाच्या २२व्या वर्षी, पठ्ठ्याने अमेरिकन ग्रां प्री जिंकली.

टीम काढली १९६३ साली, पण कूपरच्या टीमसाठी गाडी चालवण्याची नोकरी १९६५पर्यंत सोडली नाही. नोकरी सांभाळून धंदा, आपल्याकडे करतात तसाच. सोबत फायरस्टोनसाठी टायरच्या चाचण्या घ्यायच्या आणि आपल्या गाडीची नक्कल इतरांना विकायची. त्या विकायच्या गाड्या बनवायची ट्रोजन ही कंपनी. याच मंडळींकडे इंग्लंडमधल्या लॅम्ब्रेटा स्कूटरची एजन्सीही होती! वाळूजच्या बजाजमुळे स्कूटर ज्यांच्या घरातलीच, त्यांना हे वाचून गंमत वाटेल.

पण खरं भांडवल पैशाचं नव्हतंच. एका चाचणीत ब्रूसच्या लक्षात आलं की पेट्रोल भरायचं झाकण फडफडतंय. मेकॅनिकने नीट बसवलं नाही म्हणून आधी तो वैतागला. मग डोक्यात आलं, की वेग वाढला की वाऱ्याने झाकण दाबलं जायला हवं, हे तर जास्तच उडतंय. म्हणजे आत हवा कोंडतेय. पिटमध्ये येऊन त्याने कात्री घेतली, रेडिएटरच्या मागचा पत्रा कापला आणि पुन्हा ट्रॅकवर गेला. फेरीची वेळ लगेच कमी झाली. झाकण फडफडताना दिसलं ते सीटवर बसलेल्याला, आणि कात्री चालवायला कुणाला विचारावं लागलं नाही, कारण टीम त्याचीच होती.

१९६८ साली स्पा इथे त्याने स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकली. ऑस्ट्रेलियाचा जॅक ब्राबम तर त्याच्याही पुढे गेला. १९६६ साली तो स्वतःच्या नावाच्या गाडीतून जगज्जेता झाला, आणि तसा आजवर एकटाच आहे. ब्रूस मात्र २ जून १९७० रोजी गुडवुडला चाचणी घेताना गेला. मागचा पत्रा निखळला आणि गाडी सुटली. वय ३२. टीम बंद पडली नाही. १९७४ साली फिट्टिपाल्डी याच टीमकडून जगज्जेता झाला.

आपल्याकडचं नाव हवं असेल तर मुंबईचे रेयोमंद बनाजी. कार्टिंगमध्ये राष्ट्रीय विजेते, मग ‘रेयो रेसिंग’ टीम काढली. मुंबईचाच जेहान दारूवाला तिथे तयार झाला, पुढे फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकला आणि २०२२मध्ये सिल्व्हरस्टोनला मॅकलारेनची फॉर्म्युला वन गाडी चालवून आला.

तुमच्या घरात कुणी इंजिनिअरिंगला असेल तर त्याला ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेबद्दल सांगा. विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवायची असते. ती पळवण्याचे गुण वेगळे, आणि तिचा खर्च नि धंद्याची योजना परीक्षकांना पटवण्याचे गुण वेगळे.