बंद टीव्ही, चालू वीज

रिमोटने टीव्ही बंद केला की आपण म्हणतो, झालं, बंद झाला. पण नीट बघा. टीव्हीवर बारीक लाल दिवा तसाच असतो. टीव्ही रिमोटची वाट बघत जागाच असतो. सेटटॉप बॉक्सला हात लावला तर तो कोमट लागतो. ती वीजच उष्णता होऊन वाया जाते.

आता हिशेब करू. 1000 वॉटची वस्तू 1 तास चालली की 1 युनिट होते. समजा, बॉक्स 10 वॉट वीज घेतो आणि रोज 20 तास टीव्ही कोणीच बघत नाही. 10 × 20 = 200. म्हणजे 5 दिवसांत 1 युनिट आणि महिन्याला 6 युनिट. गावात असे 200 बॉक्स असले तर महिन्याला 1200 युनिट!

ही वीज येते कुठून? काही कोळशापासून, तर काही आपल्या कोयनेपासून. कोयनेची वीज 1962 साली सुरू झाली. शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने खाली कोकणात पोफळीला नेतात. तिथे पाण्याच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते. 1 युनिटाला सुमारे 800 ते 900 लिटर पाणी लागते. म्हणजे 6 युनिटांना 5000 लिटर, एक टँकरभर!

ते पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते. ते घाट चढून परत येत नाही. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला भेटते, तिथे ते पोचतच नाही. आमचे आजोबा म्हणतात, "ईज काय फुकट येती व्हय?" ते खरंच आहे.

मग काय करावे?

1. टीव्ही बघून झाला की भिंतीवरचे बटन बंद करावे.
2. मोबाईल भरला की चार्जरचे बटनही बंद करावे. तो थोडीच वीज खातो, पण खातो.
3. फ्रीज मात्र बंद करू नये. आतले दूध नासते.
4. ओल्या हाताने बटनाला हात लावू नये.

साधा बल्ब आणि पंखा बटन बंद केल्यावर काहीच वीज खात नाहीत. टीव्हीचेही तसेच करायचे. 14 डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. पण बटन रोज बंद करावे.

इयत्ता चौथी