ठकास महाठक : आभासी चलनाच्या भामट्यांशी खेळावे काय?

'ठकास महाठक' ही म्हण ऐकताना आपण सारे मनातून महाठकाच्या बाजूने असतो. लबाडाची लबाडीनेच जिरली तर कोणाला आनंद होत नाही? याच आनंदापोटी हल्ली तरुणांत एक नवा छंद रुजू लागला आहे. अनोळखी क्रमांकावरून 'बिटकॉईनमध्ये पैसे गुंतवा, महिन्यात दुप्पट मिळवा' असा संदेश येतो. तो खोटा आहे हे आजच्या कॉलेजातल्या मुलाला सांगावे लागत नाही. परंतु संदेश पुसून न टाकता तो मुलगा उत्तर देतो, आपण दुबईहून परतलेले श्रीमंत गृहस्थ असल्याची बतावणी करतो, भामट्याला तासन्‌तास झुलवतो आणि मग ते सारे संभाषण मढ-वर्सोवा तरीत बसल्याबसल्या मित्रांना वाचून दाखवतो. हसू येते हे खरे. पाश्चात्त्य देशांत तर या छंदावर चित्रफिती काढून उपजीविका करणारेही आहेत. हा खेळ शहाणपणाचा आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आम्ही बँकेत कारकून आहोत. त्यामुळे पैसा कोठून कोठे जातो याकडे आमचे लक्ष अधिक राहील, हे वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम आभासी चलनाविषयी दोन शब्द. बिटकॉईन वगैरे चलनांचा व्यवहार आपल्या देशात गुन्हा नाही, मात्र ते कायदेशीर चलनही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता; तो सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केला. पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पात या व्यवहारांतील नफ्यावर ३० टक्के कर बसला. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. चेक दिल्यानंतर मन बदलले तर 'स्टॉप पेमेंट' करता येते. आभासी चलन एकदा दुसऱ्याच्या पाकिटात गेले की ते परत बोलावणारा काउंटर कोठेच नाही. भामट्यांना हे चलन का प्रिय आहे, याचे उत्तर एवढ्यातच आले.

महाराष्ट्राने या फसवणुकीचा मोठा अनुभव घेतलेला आहे. 'गेनबिटकॉईन' योजनेत अठरा महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष होते. लोकांनी खरे बिटकॉईन दिले. पुढे पुढे त्यांच्या पदरी योजनेचे स्वतःचेच 'एमकॅप' नावाचे नाणे पडू लागले, ज्याला बाजारात फारशी किंमत नव्हती. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाज यास अटक केली; जानेवारी २०२२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट मार्च २०२२ मधील आहे. तपासाला मदत करण्यासाठी पोलिसांनी ज्या दोन तंत्रज्ञांना घेतले होते, त्यांनाच जप्त करावयाचे आभासी चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी अटक केली. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय. परंतु जेथे पोलिसांच्या शेजारी बसलेल्या जाणकारांवर विसंबणे कठीण झाले, तेथे मोबाईल हातात घेतलेल्या हौशी खेळाडूची काय कथा!

आता खेळाचे प्रकार पाहू. पहिला प्रकार सर्वांत निरुपद्रवी वाटतो. भामटा विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला थोडे पैसे खरोखरच देतो. पाचशे गुंतवले तर सहाशे परत येतात. 'आपण सहाशे घ्यायचे आणि पसार व्हायचे', असा हिशेब मुले करतात. त्या मुलाला शंभर रुपये भामट्याच्या खिशातून आले असे वाटते. ते तसे नसतात. ते बहुधा दुसऱ्याच कोणा फसलेल्या माणसाचे असतात, आणि भाड्याने घेतलेल्या तिसऱ्याच्या खात्यातून आलेले असतात. तो फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर तक्रार करतो. मग त्याची बँक सांगते की पैसा अमुक बँकेत गेला, ती बँक पुढचे खाते सांगते, आणि साखळीतील प्रत्येक खात्यावर रोख लावली जाते. कधी तेवढीच रक्कम अडते, कधी सबंध खाते गोठते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली हे होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १०६ लागू आहे.

काउंटरवर अशी मुले आम्हाला भेटतात. पैसे का निघत नाहीत असे विचारतात. रोख लावणारे पोलीस ठाणे पाहावे तर ते परराज्यातले. शाखेच्या हाती रोख काढणे नसते. त्या ठाण्याशी पत्रव्यवहार करा, एवढेच आम्ही सांगू शकतो. ज्या खात्यात शिष्यवृत्ती यायची तेच खाते असेल तर परीक्षेच्या शुल्काच्या वेळी घरात काय होते, हे सांगावयास नको. शंभर रुपयांचा विनोद हा! आणि जो मित्र 'तुझे खाते महिनाभर वापरायला दे, दोन हजार देतो' म्हणतो, त्याला तर दारातूनच परत पाठवावे. तेथे खातेदार स्वतः आरोपी होऊ शकतो.

दुसरा प्रकार हुशार मुलांसाठी खास बनवलेला आहे. आभासी चलनाचे पाकीट बहुधा बारा इंग्रजी शब्दांच्या गुप्त किल्लीने उघडते. टेलिग्रामवर एखादा भोळा वाटणारा माणूस लिहितो, 'माझ्या पाकिटात इतके यूएसडीटी आहेत, हे माझे बारा शब्द, ते बाहेर कसे काढू?' यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या मूल्याशी बांधलेले आभासी चलन. वाचणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी येतात : हा मूर्ख आहे, किंवा हा भामटा आहे आणि मी त्याचेच पाकीट रिकामे करतो. पाकीट खरोखर उघडते, रक्कमही दिसते. मात्र ती हलवण्यासाठी ट्रॉन नावाच्या दुसऱ्या चलनात थोडे शुल्क लागते, आणि ते पाकिटात नसते. आपला वीर पदरचे ट्रॉन पाठवतो. ते पोचताक्षणी तेथे टपून बसलेला संगणकीय प्रोग्राम ते उचलून नेतो. कित्येक पाकिटे तर अशी बांधलेली असतात की दुसऱ्या किल्लीच्या मंजुरीशिवाय त्यांतील रक्कम हलतच नाही. गळाला लावलेले आमिष माशाला दिसते, दोरी दिसत नाही. हे मढच्या वाचकांना आम्ही काय समजवावे? युक्तीही जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात 'स्पॅनिश कैदी'ची पत्रे फिरत असत. कोणी श्रीमंत कैदी तुरुंगात आहे, थोडा खर्च करून त्याला सोडवा, तो तुम्हाला खजिन्यात वाटा देईल, असा त्यांतला मजकूर असे. थोडे द्या आणि पुष्कळ सोडवा, हे सूत्र आजही तेच आहे. 'आधी ३० टक्के कर भरा, मग तुमचा नफा काढा' ही मागणीही त्याच कुळातली. आयकर हा सरकारकडे भरावयाचा असतो. कोणत्याही अॅपमध्ये तो आगाऊ जमा करावा लागत नाही.

तिसरा प्रकार नुसता वेळ घालवण्याचा. आपण त्यांना गुंतवून ठेवले तर तेवढा वेळ एखादी म्हातारी आजी वाचते, असे त्याचे समर्थन केले जाते. या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. पण किती? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आपल्या शेजारच्या मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकन नागरिकांना करखात्याच्या नावाने धमकावले जात असल्याचे उघड झाले. शेकडो मुलेमुली लिहून दिलेला मजकूर फोनवर वाचत होती. त्यांच्यापैकी एकाचा तास वाया गेला तर शेजारचा दुसरा क्रमांक लावतच होता. तो कारखाना बंद पडला पोलिसांच्या छाप्याने. अमेरिकेत बसून टोलवाटोलवी करणाऱ्यांनी तो बंद पडला नव्हता.

शिवाय खेळणारा स्वतः उघडा पडतो. उत्तर दिले की क्रमांक चालू आहे हे कळते. व्हिडिओ कॉल घेतला की चेहरा आणि आवाज जातो. पाठवलेली फाईल उघडली की मोबाईलच जातो. भामट्यांचा पाठलाग करण्यात जगप्रसिद्ध असलेले ब्रिटनचे जिम ब्राउनिंग यांना जुलै २०२१ मध्ये कोणी यूट्यूबचा अधिकारी असल्याचे भासवून त्यांच्याच हातून त्यांची वाहिनी पुसायला लावली. ती पुढे परत मिळाली. पण इतका मुरलेला माणूस चकतो, हे ध्यानात घ्यावे. आणि भामट्याच्या संगणकात शिरून सूड घेण्याची भाषा करणाऱ्यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ वाचावे. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही आहेत, आणि तेथे भामट्यासाठी वेगळा अपवाद नाही.

आम्हाला सर्वांत अधिक अस्वस्थ करणारी बाब अद्याप सांगायची राहिली. पलीकडे कोण असते? ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असावीत. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी आहे असे सांगून नेलेले, पासपोर्ट काढून घेतलेले, कुंपणाआड ठेवलेले हे तरुण आहेत. त्यांत आपलेही आहेत : मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडच्या सीमेवरून परत आणले. ठरलेले काम न झाल्यास मारहाण होते, उपाशी ठेवतात, असे सुटून आलेल्यांनी सांगितले आहे. तेव्हा 'रिया' नावाने गोड संदेश लिहिणारी ती व्यक्ती म्हणजे बारावी झालेला, नोकरीच्या शोधात घर सोडलेला आपल्यासारख्याच वस्तीतला मुलगा असू शकतो. दुपारभर त्याला झुलवून आपण ज्याची जिरवली असे मानतो, तो मालक नव्हेच. मालकाचे त्यात काहीच गेलेले नसते. सगळेच तसे असतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ जण राजीखुशीने हा धंदा करतात. परंतु पडद्यावरून दोघांतला फरक ओळखता येत नाही. खोट्याशी खोटे बोलले तर चालते काय, असा प्रश्न विद्यार्थी आम्हाला विचारतात. आमचे उत्तर असे की, आपले खोटे कोणाच्या पाठीवर उमटणार आहे हे जेथे माहीत नाही, तेथे ते बोलू नये.

मग काय करावे? पैसे गेले नसतील तर संचार साथीच्या 'चक्षू' सुविधेवर तो क्रमांक व संदेश कळवावा आणि क्रमांक बंद करावा. यास पाच मिनिटे पुरतात. मार्च २०२४ पासून ही सोय आहे. पैसे गेले असतील तर लाज बाळगू नये, घरच्यांपासून लपवू नये, आणि रात्र असली तरी १९३० लावावा, कारण रुपये आभासी चलनात रूपांतरित होण्यापूर्वीच त्यांच्यावर रोख लागली तर लागते. संभाषण पुसू नये. खाते क्रमांक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ, आणि आभासी चलन पाठवले असल्यास ज्या पत्त्यावर पाठवले तो पत्ता, एवढे कागदावर लिहून जवळ ठेवावे. तक्रारीचा पोच क्रमांक मिळतो, तोही जपून ठेवावा. शाखेत आल्यावर आम्ही कारकून मंडळी प्रथम तोच विचारतो.