धर्म सापडला, पण ख्रिस्त?

आजचं वाचन : लूक १८:९–१४



आजचा दाखला आपल्याला इतका पाठ आहे की वाचताना आता फारसा टोचत नाही. दोन माणसं प्रार्थना करायला मंदिरात जातात, एक परूशी आणि एक जकातदार. घरी जाताना देवाच्या नजरेत नीतिमान कोण ठरतो? जकातदार! संडे स्कूलपासून हे उत्तर आपल्याला माहीत आहे. म्हणून आज जरा परूश्यापाशीच थांबू या.

परूशी खोटं बोलत नव्हता

तो आठवड्यातून दोनदा उपास करायचा. मोशेच्या नियमशास्त्राने सगळ्यांसाठी नेमलेला उपासाचा दिवस वर्षातून एकच, प्रायश्चित्ताचा. म्हणजे हा माणूस मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त करत होता. मिळकतीचा दशमांशही देत होता. असा सभासद आपल्या मंडळीत असता तर आपण त्याला लगेच कमिटीवर घेतलं असतं.

मग बिघडलं कुठे? त्याची प्रार्थना परत एकदा वाचा. तिच्यात मागणं एकही नाही. देवाचे आभार मानतो, पण कशाबद्दल, तर मी त्या जकातदारासारखा नाही याबद्दल. उभा देवापुढे आहे आणि नजर मात्र शेजाऱ्याकडे. जकातदाराकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून तो फक्त दया मागतो. आणि ज्याचे हात रिकामे, त्याच्याच हातात काही ठेवता येतं ना?

उपास आणि दशमांश वाईट आहेत असं येशू म्हणत नाही. मत्तय २३:२३ मध्ये तो सांगतो की न्याय, दया आणि विश्वास या मोठ्या गोष्टी आधी धरा, आणि त्या धरताना लहान गोष्टीही सोडू नका. पण नियम पाळल्यामुळे देव माझं देणं लागतो, असं वाटायला लागलं की समजावं, आपण परूश्याच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.

रमाबाईंची आठ वर्षं

याचं मोठं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाई.

लहानपणीच भागवताचे १८,००० श्लोक त्यांना मुखोद्गत होते. आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा, व्रतं, उपास, दानधर्म, सगळं केलं. तरी दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथे संपते असं आपल्याला वाटतं. पण खरं तर इथे सुरू होते. तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचे मतभेद झाले. रमाबाई शाकाहारीच राहिल्या, तर त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा अभिमान दिसला. चर्च सांगेल ते मुकाट्याने मान्य करायचं, हेही रमाबाईंना पटेना. पुरोहितांचं एक जोखड मानेवरून उतरवून मी दुसरं घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी पत्रात स्पष्ट लिहिलं. खाण्यापिण्यावरून एकमेकांचा न्याय करू नका, असं पौल रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात सांगतो. आपण मात्र शेजाऱ्याच्या ताटावरूनच त्याचा विश्वास मोजतो, आजही.

पण रमाबाईंचा मोठेपणा असा की त्या नुसत्या दुसऱ्यांच्या चुका दाखवत बसल्या नाहीत. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे जगापुढे उघड सांगितलं. बाप्तिस्मा झालेला, शास्त्राचा अभ्यास झालेला, विधवांसाठी शारदा सदन उभं केलेलं, जगभर नाव झालेलं! आणि ती बाई म्हणते की माझे हात रिकामे होते. हीच जकातदाराची प्रार्थना.

त्या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र आलं होतं. हे कॉर्नवॉलमधले पाळक. १८५१ मध्ये स्वतःचा उपदेश चालू असताना त्यांचंच परिवर्तन झालं! ते परूश्यांविषयी बोलत होते आणि बोलता बोलता त्यांना जाणवलं, यांच्यापेक्षा मी काही वेगळा नाही. पुलपिटवर उभा असलेला माणूससुद्धा परूशी असू शकतो आणि तिथेच वाचूही शकतो.

भरलेली लोंबी वाकते

आमच्या कोळवण खोऱ्यात दिवाळीच्या सुमारास भाताची शेतं बघा. दाणा भरलेली लोंबी खाली वाकलेली असते. ताठ उभी असते ती पोकळ.

रमाबाईंचं पुढचं आयुष्य असंच वाकलेलं दिसतं. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली आणि विधवांना आसरा दिला. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं ते साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या प्रभूकडे गेल्या, तोवर हे काम त्यांनी पुरं केलं होतं. कृपा फुकट मिळाली हे ज्याला कळलं, तो दुसऱ्यासाठी दार अडवून धरत नाही, उघडतो.

आज आपण कुठे उभे आहोत?

आपले नियम आता वेगळे दिसतात. बायबल ॲपची स्ट्रीक तुटली की आपण अस्वस्थ होतो, पण रूममेटशी महिनाभर बोललो नाही याचं काही वाटत नाही. चर्चला जीन्स घालून कोण आलं, टॅटू कोणी काढला, उपासनेला उशिरा कोण येतं, हे बरोबर लक्षात राहतं. आणि सगळ्यात चोरवाट कोणती माहीत आहे? हा लेख वाचताना कोणीतरी ‘हे अगदी त्याच्यासाठी आहे’ म्हणून डोळ्यांसमोर येणं. ‘देवा, मी त्या परूश्यासारखा नाही म्हणून तुझे आभार’, ही प्रार्थनाही परूश्याचीच.

आज रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारा :

१. आज मी देवाकडे काही मागितलं, की फक्त हिशोब दाखवला?
२. माझ्या प्रार्थनेत मी कोणाशी स्वतःची तुलना करतो?
३. माझ्या कोणत्या नियमामुळे एखाद्याला मंडळीत यायला संकोच वाटतो?

उत्तर लाजवणारं निघालं तर घाबरू नका. जकातदारही दूरच उभा होता. देवाला तिथूनही ऐकू आलं.

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या चांगल्या सवयींच्या आड मी लपतो, हे तुला ठाऊक आहे. माझी नजर शेजाऱ्यावरून काढून तुझ्याकडे वळव. नियम पाळताना मला दया विसरू देऊ नको. रिकाम्या हातांनी आलो आहे, मज पाप्यावर कृपा कर. येशूच्या नावात मागतो, आमेन.