गावी जाताना दागिने कुठे ठेवावेत?

प्रश्न : गणपतीला आठ दिवस कोकणात जातोय. डोंबिवलीतलं घर बंद असेल. दागिने लॉकरमध्ये ठेवले आणि तिथूनच गेले, तर बँक भरून देते का?

उत्तर : देते, पण पूर्ण नाही. तरीही लॉकरमध्येच ठेवा. कपाटाची किल्ली साड्यांच्या घडीखाली ठेवायची आपली सवय चोरांनाही ठाऊक असते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपुरतीच असते. भाडं ३,००० रुपये असेल, तर ३ लाख. आत दहा लाखांचं सोनं का असेना! पूर-भूकंपात, बँकेचा हलगर्जीपणा नसेल, तर तेवढंही नाही. शिवाय लॉकरमध्ये काय आहे याची नोंद बँकेकडे नसते. म्हणून प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा, सराफाच्या पावत्या जपा आणि दागिन्यांचा वेगळा विमा उतरवा.

लॉकर उघडला गेला की बँकेने त्याच दिवशी एसएमएस आणि ईमेल पाठवायचा असतो. बँकेकडे तुमचा सध्याचाच मोबाइल नंबर आहे का, ते आधी बघा. लॉकरला नॉमिनीचं नावही लावून घ्या. आणि हो, सणाच्या तोंडावर बँकेत गर्दी असते. निघायच्या चार दिवस आधीच जाऊन या.