घड्याळाच्या पोटातली नक्षी

इंग्लंडात १८ व्या शतकात बनलेलं खिशातलं घड्याळ उघडलं, की आत मागेपुढे डुलणारं एक चाक असतं. त्याच्यावर सोन्याचं पाणी दिलेली पितळी, जाळीदार झाकणी. तिच्यावर पानं, फुलं, कधी एखादा मुखवटाही कोरलेला. कारागीर पोलादी कोरणी तळहाताने पुढे रेटी, दुसऱ्या हाताने वाळूच्या चामडी पिशवीवर ठेवलेलं काम फिरवी. कोरणी घसरली की ओरखडा पडलाच! तिथे खोडरबर कुठलं? घड्याळावर नाव असे घड्याळजीचं. नक्षी कोरणाऱ्याचं बहुधा नसेच. पुढे १९ व्या शतकात कितीतरी जुनी घड्याळं सोन्याचांदीच्या डब्यांसाठी मोडली गेली. झाकण्या मात्र लोकांना टाकवेनात. त्या जोडून बायकांसाठी गळ्यातले हार केले!