संगणकावरील खेळाची रचना : साधनांची निवड

नायगावहून पाणजू बेटाकडे होडी न्यावयाची आहे, ओहोटी लागली आहे, आणि काळोख पडण्यापूर्वी पैलतीर गाठावयाचे आहे. एवढ्यावर संगणकाचा एक सुंदर खेळ होऊ शकतो. उमेळ्याच्या विद्यार्थ्यास अशी कल्पना शोधण्यास दूर जावे लागणार नाही. परंतु 'कोणते इंजिन घ्यावे व कोणती भाषा शिकावी?' या विवंचनेतच पुष्कळांचे महिने सरतात व खेळ मनातच राहतो. म्हणून या प्रश्नाचा क्रमाने विचार करू.

खेळ चालू असता संगणक एकच फेरा सेकंदास बहुधा साठ वेळा करीत असतो : कोणती कळ दाबली ते पाहणे, त्यावरून होडीचे नवे स्थान ठरविणे, आणि नवे चित्र पडद्यावर काढणे. चित्र, ध्वनी, टक्कर ही कामे बहुतेक खेळांस लागतात. ती आयती करून देणारी सामग्री म्हणजे इंजिन होय. ओहोटीचा जोर किती, हे मात्र आपणच संगणकाच्या भाषेत सांगावयाचे.

तीन इंजिने विशेष प्रचारात आहेत. 'अनरिअल' १९९८ साली त्याच नावाच्या खेळाबरोबर पुढे आले. त्याची भाषा सी प्लस प्लस. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या मंडळीने 'राजी' हा खेळ त्यावरच रचून २०२० साली प्रसिद्ध केला. भव्य देखाव्यांस ते उत्तम. मात्र त्यास बलवान संगणक लागतो. 'युनिटी' २००५ साली निघाले. भाषा सी शार्प. मोबाइलच्या खेळांत त्याचा प्रसार मोठा. 'गोडो' अर्जेंटिनातील दोघांनी आरंभिले व २०१४ साली त्याचा मूळ कोड सर्वांस खुला झाला. त्याची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनसारखी सुटसुटीत असून लहान खेळ साध्या संगणकावरही रचता येतो.

परवान्याच्या अटीही वाचाव्यात. युनिटीच्या चालकांनी सप्टेंबर २०२३ मध्ये ठराविक मर्यादेपुढे खेळाच्या प्रत्येक नव्या स्थापनेवर आकार घेण्याचे जाहीर केले. रचनाकारांत मोठा क्षोभ झाला, व २०२४ साली तो बेत रद्द झाला. अनरिअलवर केलेल्या खेळाचे उत्पन्न दहा लक्ष डॉलरांपुढे गेल्यास वरच्या रकमेचा सामान्यतः पाच टक्के हिस्सा द्यावा लागतो. गोडोस काहीच द्यावे लागत नाही.

भाषेची धास्ती नको. चल, अट, पुनरावृत्ती, फंक्शन हे विचार तिन्ही भाषांत आहेत. एकीत ते पक्के झाले की दुसरी शिकणे सोपे जाते. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. परंतु श्रोते मराठी जाणणारे, म्हणून त्यांनी 'ख्रिस्तपुराण' मराठीत रचिले व ते १६१६ साली राशोल येथे छापले गेले. भाषा कोणती हे हाती घेतलेल्या कार्यावरून ठरते.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हा नियम येथेही खरा. घरात एकच साधा संगणक असेल व खेळ आपल्या होडीचा असेल, तर गोडो पुरेसे आहे. प्रथम होडी केवळ हलवावी, नंतर ओहोटी आणावी, शेवटी सूर्यास्त. मग तो खेळ शेजारच्या मित्रास खेळावयास द्यावा आणि तो कोठे अडखळतो ते मुकाट्याने पाहावे. दुसऱ्या खेळास कोणते इंजिन हवे, याचे उत्तर त्यातूनच मिळू लागेल.